निवेदनावर शिक्का मिळत नसेल तर

चर्च, मठ, मशीद आणि बुद्धविहार मिळून तुम्ही निर्वासितांनाही शिक्षा लावणाऱ्या परदेशी नागरिकांच्या कायद्याविरुद्ध निवेदन केलंत आणि कार्यालय म्हणतंय, "आधी प्रत्येक संस्थेचा ठराव आणा." वाचलं आणि आमचाच घोळ आठवला.

मार्च २०२५ मध्ये इमिग्रेशन अँड फॉरेनर्स विधेयक, म्हणजे याच कायद्याचं विधेयक, लोकसभेत आलं. आम्हीही तुमच्यासारखंच चार धर्मांच्या संस्थांचं निवेदन इथल्या एका कार्यालयामार्फत दिल्लीला पाठवायचं ठरवलं. (नाव घेत नाही, तिथे अजून कामं पडतात.) आवकवाला म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, हा विषय आमच्या शाखेचा नाही. ज्या शाखेकडे धाडलं, तिनं लेटरहेड मागितलं, ते दिलं तर ठराव. विहाराकडे लेटरहेडच नव्हतं! वर प्रश्न, "तुम्ही चार धर्मांचे एकत्र कसे काय?" ज्या सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा १९३१ साली एकाच दिवशी फासावर गेले, त्या सोलापुरात हे विचारतात. इकडे हे चाललेलं असताना २ एप्रिलला राज्यसभेनंही विधेयक मंजूर केलं, त्याचा कायदा झाला. आमचा कागद टेबलावरच.

म्हणून माझं मत, स्थानिक कार्यालयाचा नाद सोडा. गृहमंत्रालयाला स्पीडपोस्टनं थेट पाठवा, खासदारांच्या हातात प्रत द्या, पोच घ्या. ठराव करा, पण तो तुमच्या विश्वस्तांसाठी.

मजकुरात सुविचार नकोत, कोणीही वाचत नाही. मुद्दा लिहा. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदा नाही. त्यामुळे जीव वाचवून पळून आलेला आणि धंद्यासाठी चोरून घुसलेला, दोघांनाही या नव्या कायद्यात एकच कलम: ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशात तिबेटी, नोंदणी झालेले श्रीलंकन तमिळ आणि पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन शेजारी देशांतल्या अल्पसंख्याकांना सवलती आहेत. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुसलमानांना नाहीत. त्यांचं नाव निवेदनात घ्याच. लोक नाराज होतील, होऊ देत. आपापल्या धर्माच्या माणसांपुरतंच बोलायचं तर चौघांनी एकत्र येऊन काय साधलं?

जाता जाता: पंढरपूरकडच्या धर्मशाळेत कोणी परदेशी उतरला तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरा, नाहीतर निवेदन राहील बाजूला. मी वकील नाही. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेनं सही करण्याआधी सीएला विचारावं.