हौशी स्पोर्ट्स फोटोग्राफरने टीका कशी घ्यावी आणि दुसऱ्याच्या फोटोवर मत कसं द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरूळला राहता, सुट्टीच्या दिवशी कबड्डी, खो-खो, फुटबॉलचे फोटो काढता. मित्रमंडळी सरसकट ‘कडक’ म्हणतात. ओळखीतला एक सीनियर मात्र एकही फोटो सोडत नाही, प्रत्येकात खोट काढतो. दोघांचाही काडीचा उपयोग होत नाही. त्यात आता नवी पोरं तुम्हालाच ‘दादा, कसा आलाय?’ विचारायला लागलीत.

मी ठाण्यात राहतो. पोटापाण्याचं काम वेगळंच आहे, पण हा नाद बरीच वर्षं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खेळाच्या फोटोवरचं मत पुढच्या सामन्याला मैदानात वापरता आलं पाहिजे. कुठे बसायचं, कुठली लेन्स लावायची, बटण कधी दाबायचं, यांपैकी एखादी गोष्ट त्या मतामुळे बदलली तर ते मत कामाचं. नाहीतर कौतुक असो की टीका, ऐकून घ्यायचं आणि चहा मागवायचा.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. ठाण्यात रात्रीची कबड्डी होती. मी बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे बसलो होतो, कारण तिथून चढाईपटूचा चेहरा मिळतो. उलट बाजूला बसलात तर पाठ आणि पाठीवरचा नंबर. एका चढाईत पोरगा कोपऱ्याकडे झेपावला आणि फोटो मिळाला. चेहरा धारदार, नजर कोपऱ्यातल्या बचावपटूवर, ‘कबड्डी’ म्हणता म्हणता तोंड अर्धं उघडं, हनुवटीवर घामाचा थेंब. पुढचा पाय फ्रेममध्ये, मागचा पाय घोट्यापाशी कापलेला. दोन फोटोग्राफर मित्रांना दाखवला. दोघांनी एकच सांगितलं: खालून अजून क्रॉप कर, मांडीपासून वर घट्ट ठेव, अर्धवट पाय खटकतो. फोटोग्राफीच्या हिशेबाने सल्ला चोख होता.

मग तोच फोटो नानांनी पाहिला. नाना जुने खेळाडू, आता गुणलेखक म्हणून टेबलावर बसतात. एफ नंबर, आयएसओ वगैरे कॅमेऱ्याच्या आकड्यांशी त्यांचं देणंघेणं नाही. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “मागचा पाय हवेत होता की टेकला होता?”

ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोर किमान सहा बचावपटू असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत असला, तरच बोनस गुण मिळतो. म्हणजे त्या चढाईत जे काही घडलं ते त्या मागच्या पायात होतं. मित्रांच्या सल्ल्याने फोटो देखणा झाला असता, पण त्यातून खेळ निघून गेला असता आणि एका घामेजलेल्या पोराचा चेहरा उरला असता.

आता यातून पुढच्या वेळेसाठी काय मिळालं ते बघा. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानात बोनस रेषा अंतिम रेषेपासून जेमतेम पावणेदोन मीटरवर असते. तुम्ही रेषेमागे तीन मीटरवर बसलात तर तो पाय तुमच्यापासून पाच मीटरवर पडतो. एवढ्या जवळ क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे छोट्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला लेन्स १०० मिमीवर ठेवून, कॅमेरा उभा धरूनही, सव्वा मीटरच्या आतलीच उंची दिसते. पाय कापले जाणारच. ७०-३०० मिमीची झूम लेन्स घेऊन तिथे बसणं म्हणजे आपणहून पाय कापणं. उपाय दोनच. एकतर कोपऱ्याकडे सरकून मागे बसा, नाहीतर ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स लावा (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). या लेन्सचा दुसरा फायदा असा की एफ ५.६ च्या झूमपेक्षा ती जवळपास दहापट प्रकाश आत घेते, आणि रात्रीच्या मैदानात तो प्रकाश सोन्याच्या भावाचा असतो. नानांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी एक प्रश्न विचारला, बाकीचं गणित माझं मला करता आलं.

म्हणून फोटो दाखवताना माणसं निवडून दाखवा. एक खेळातला, एक कॅमेऱ्यातला, आणि एक दोन्हींतलं काही न कळणारा. तिसऱ्याला कमी लेखू नका. माझ्या आईला खो-खोचा सूर मारतानाचा फोटो दाखवला तर ती विचारते, “ही मुलगी पडली का रे?” याचा अर्थ फोटोत खांब नाही किंवा पळणारी मुलगी नाही, त्यामुळे सूर हा सूर वाटतच नाही. आईला हे शब्दांत मांडता येत नाही, पण तिचा प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवतो.

‘कडक’वाल्या मित्रांचाही उपयोग होतो, फक्त प्रश्न बदला. ‘कसा आहे?’ विचारलंत की ‘कडक’च येणार. एकाच क्षणाचे मागचे-पुढचे दोन फोटो समोर धरा आणि म्हणा, यातला एकच ठेवायचाय, कुठला? आता त्यांना निवडावं लागतं, आणि निवडलं की कारण आपोआप तोंडातून निघतं: “याच्यात बॉल दिसतोय”, “त्याच्यात गोलकीपरचं तोंड झाकलंय”. आणि दाखवताना चार-पाचच दाखवा. अख्खं कार्ड समोर धरलं की दहाव्या फोटोनंतर समोरचा नुसता अंगठा फिरवत बसतो.

टीका ऐकताना मी एक पथ्य पाळतो: समोरच्याचं बोलून होईपर्यंत खुलासा करायचा नाही. ‘अरे तिथे बसायला जागाच नव्हती’, ‘आयोजकांनी हाकललं’, ‘लाइट गेली होती’ हे सगळं खरं असतं, पण फोटो बघणाऱ्याला आपण हे सांगत फिरणार नाही ना. आधी ऐका, मग वाटल्यास सांगा. आणि आवडनिवड वेगळी काढा. ‘मला ब्लॅक अँड व्हाइट आवडलं असतं’ ही आवड झाली, तिच्यावर वाद घालू नका आणि ती फार मनावरही घेऊ नका. ‘बॅट कुठाय?’ ही तक्रार वेगळ्या जातीची, तिला उत्तर द्यावंच लागतं.

आता दुसऱ्याच्या फोटोवर बोलायचं तर. नव्या पोरांना सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते ‘शार्प नाहीये’. हे अर्धवट निदान आहे, कारण धूसरपणा तीन वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि तिन्हींची औषधं निराळी. फोटो मोठा करून बघा. खेळाडू धूसर पण मागचं गवत किंवा पंच स्वच्छ असेल, तर फोकस चुकीच्या जागी गेलाय. त्याला सलग फोकस (हलत्या खेळाडूचा पाठलाग करणारा) आणि फोकस पॉइंटबद्दल सांगा. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल, तर कॅमेरा हलला. चेहरा-छाती स्वच्छ आणि फक्त हातपाय पुसलेले असतील, तर शटरचा वेग कमी पडला. कबड्डीच्या पायांना १/५०० सेकंद पुरत नाही, १/१००० च्या आसपास जा म्हणावं. आणि कधीकधी तो दोष नसतोच. आपल्या ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला पावसात कोणी १/३० वर कॅमेरा फिरवत धावपटू टिपला असेल, पाय आणि रस्ता पुसला गेलाय पण चेहरा स्वच्छ आलाय, तर गुपचूप कौतुक करा.

फ्लडलाइटचं एक सांगतो, कारण यात पोरांना विनाकारण बोलणी बसतात. सलग चार फ्रेमपैकी एक पिवळट, एक अंधारी, एकात आडवा पट्टा, असं दिसलं की लगेच ‘एक्स्पोजर जमत नाही तुला’ सुनावतात. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे मैदानावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/१००० च्या शटरला त्या चढउताराचा एक तुकडाच सापडतो, आणि दर वेळी वेगळा. पोराने काही चुकवलेलं नसतं. त्याला एवढंच सांगा की कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या या चढउताराशी वेळ जुळवणारी सोय) असेल तर चालू कर, नसेल तर जास्त फ्रेम काढ आणि बऱ्या आलेल्या निवड.

‘बॅकग्राउंड बेकार’ हेही तसंच. ठाणे असो की नवी मुंबई, मैदानाच्या चारही बाजूंना हात जोडलेले कुणी ना कुणी भावी नगरसेवक असतातच. पोराने बॅनर लावलेला नाही. ‘बॅकग्राउंड बेकार’ म्हणण्यापेक्षा ‘जमिनीवर बसून काढलास तर बॅनरच्या जागी वरचा अंधार येईल’ किंवा ‘दहा पावलं डावीकडे गेलास तर मागे प्रेक्षक येतील’ असं म्हणा. हे सुचत नसेल, तर बोलू नका.

जागेवरून एक प्रसिद्ध फोटो आठवतो. २५ मे १९६५, अमेरिकेतल्या लुइस्टनमध्ये मुहम्मद अलीने सॉनी लिस्टनला पहिल्याच फेरीत लोळवलं. खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडणारा अली नील लायफरने टिपला आणि तो फोटो जगभर गेला. त्यात अलीच्या दोन पायांमधून पलीकडे बसलेला एक टकला फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरच्याच स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या नियतकालिकाचा, वयाने आणि अनुभवाने थोर. त्या क्षणी त्याच्या वाट्याला अलीची पाठ होती. त्या फोटोवर आपण शार्फमनला काय सल्ला देणार? कॉम्पोझिशन सुधार? काही टीका फोटोवर करायची नसतेच. ‘हा क्षण तुझ्या बाजूला नव्हता, पुढचा बघ’ एवढंच म्हणायचं असतं. नव्या पोराच्या तोंडावर हे वाक्य ऐकून जो हुरूप येतो तो दहा टिप्सनी येत नाही.

स्वतःची नजर तयार करायला एक फुकटचा अभ्यास सुचवतो, तुमच्या घराजवळचाच. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर महिला विश्वचषकाची फायनल झाली, आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. दीप्ती शर्माच्या चेंडूवर नदिन डी क्लर्कचा शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे जात घेतला. हा झेल आणि त्यानंतरचा जल्लोष वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत, वेगवेगळ्या एजन्सींच्या फोटोंत शोधा. तीन-चार समोर ठेवा आणि प्रत्येकावर एकच वाक्य लिहा: हा फोटोग्राफर कुठे होता आणि त्यामुळे त्याला काय मिळालं, काय गेलं. ‘सुंदर’, ‘जबरदस्त’ हे शब्द वापरायचे नाहीत. पहिल्यांदा नाकी नऊ येतात. मात्र त्या फोटोंशी स्वतःच्या फोटोंची बरोबरी करू नका, आणि पोरांच्या फोटोंची तर नकोच. सीमारेषेवर ४०० मिमी घेऊन बसलेला माणूस आणि स्टँडमधून मोबाइल उंचावणारा आपण, यांची तुलना करून कुणाचंच भलं होत नाही.

एका बाबतीत मात्र मी मिळमिळीत बोलत नाही. शाळेच्या स्पर्धांतली लहान मुलं, आणि मुलींचे सामने. झेप घेताना, पकडीत कपडा सरकलेला, किंवा हरल्यावर कोपऱ्यात हुंदके देणारी दहा वर्षांची मुलगी, असा फोटो कोणी दाखवला तर आधी ‘हा कोणाला पाठवलायस का?’ विचारतो आणि डिलीट करायला सांगतो. तिथे शार्पनेसवर चर्चा नाही. पोरं बहुतेक वेळा ऐकतात, कुणी सांगितलेलंच नसतं त्यांना.

आणि हो, खेळाडूने स्वतःचा फोटो दाखवून ‘कसा आलाय?’ विचारलं तर ती टीकेची मागणी नाही. त्याला तो प्रोफाइलला लावायचा असतो. ‘एक नंबर’ म्हणा आणि मोठ्या साइजमध्ये पाठवून द्या.

राहिला तुमचा सीनियर. त्याच्याशी भांडू नका आणि त्याच्यामुळे फोटो दाखवणंही बंद करू नका. पुढच्या वेळी खोट काढली की शांतपणे विचारा, “तुम्ही असता तर कुठे बसला असता?” आणि मग, “कुठल्या क्षणी दाबलं असतं?” त्याला खेळ आणि मैदान खरंच कळत असेल तर तो दोन्हींची उत्तरं देईल, कदाचित उठून जागाही दाखवेल. अशा माणसाची कटकट सोसायला हरकत नाही, रविवारी त्याच्या शेजारीच बसा. उत्तर न देता त्याने पुन्हा नॉइज (फोटोतले दाणे) आणि तुमच्या लेन्सच्या किमतीवर गाडी नेली, तर ‘बरोबर आहे सर’ म्हणून विषय सोडा आणि पुढचे फोटो तुमच्या ओळखीतल्या एखाद्या गुणलेखकाला दाखवा.