गोठा पाहायला जाताना
नागपूरजवळची सेंद्रिय दुग्धशाळा पाहायला मुलांसह प्रथमच जात असाल, तर धार काढण्याची वेळ फोनवर आधी विचारून घ्यावी. आम्ही पहिल्या खेपेस दहाला पोहोचलो आणि निवांत रवंथ करणाऱ्या गाईच तेवढ्या पाहून परतलो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, म्हणून हिवाळाच बरा. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून, कासदाहाच्या, म्हणजे कासेला सूज आल्याच्या, गुठळ्या तर नाहीत ना, हे गवळी कसे तपासतात ते मुलांना जवळून दाखवावे. वर्धा-नागपूर पट्ट्यातील पांढरी गवळाऊ गाय दिसल्यास उत्तमच. सेंद्रिय दुधासाठी चाराही रासायनिक खत-कीटकनाशकांविना पिकवलेला असावा लागतो, त्यामुळे वैरण कुठली, हे निःसंकोच विचारावे. धारोष्ण दुधाचा आग्रह झाला तरी मुलांना ते उकळूनच द्यावे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूंमुळे येणारा तापाचा आजार होऊ शकतो.