‘आकडी-आकडी’चा खेळ

ताई, माझा मुलगा दुसरीत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या बाकावरच्या मित्राला वर्गात फीट आली. तेव्हापासून हा त्याच्याशेजारी बसत नाही, डब्यातलं देत नाही. ‘मला पण होईल’ म्हणतो. परवा बिल्डिंगखाली पोरं चक्क ‘आकडी-आकडी’ खेळत होती आणि हातपाय झाडत पडला होता आमचाच! सगळ्यांसमोर एक ठेवून दिली मी. मग मलाच रडू आलं. मुलगा निर्दयी निघतोय का? गोष्टींतून समजवा म्हणतात, पण गोष्ट कोणती सांगू?
– एक आई, सांगली

ती चापट आधी परत घ्या. ‘मी चुकले’ असं त्याला सरळ सांगा. निर्दयी वगैरे काही नाही तो. गणपती गेले की दुसऱ्या दिवशी मुलं विसर्जन खेळतात, दवाखान्यातून आली की बाहुलीला सुई टोचतात. जे पाहिलं पण उमगलं नाही, ते ती खेळून बघतात. तुमच्या लेकाने हातभर अंतरावर मित्राला झटके येताना पाहिलं आणि ते काय होतं, हे कुणी त्याला सांगितलंच नाही. मोठी माणसं कांदा शोधत पळाली असतील.

गोष्टींचं म्हणाल, तर आपल्या ठेवणीतल्या गोष्टींवर माझा जरा राग आहे. कुबड असलेली मंथरा कान भरते, टीव्हीवरचा शकुनी लंगडत येतो. शरीर वाकडं म्हणजे मनही वाकडं, हे मुलं आपल्याच मांडीवर बसून शिकतात. ‘बिच्चाऱ्या’ मुलाच्या गोष्टीही नकोत. बिच्चाऱ्याला कुणी बॅटिंग देत नाही.

म्हणून घरीच रचा. मित्राचं नाव त्यात घेऊ नका. आजाराबद्दल कुणाला काय सांगायचं, ते त्याच्या घरचे ठरवतील. त्याच्या आईला एक फोन मात्र जरूर करा.

एका शाळेत एक दिवस सगळ्या वर्गांच्या घंटा एकदम वाजू लागतात, सगळ्या बाई एकदम बोलू लागतात. कुणाचं ऐकायचं? कुणी उठतंय, कुणी पळतंय, कुणी धाडकन बसतंय. डोकं म्हणजे ती शाळा आणि हातपाय म्हणजे मुलं. मेंदूचं काम विजेच्या बारीक बारीक संदेशांवर चालतं, ते असे एकदम सुटले की फीट येते. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत घंटा थांबतात आणि दमलेली शाळा झोपी जाते. शेजारी बसून किंवा एका डब्यात खाऊन फीट लागत नाही, हे गोष्टीतच येऊ द्या. चड्डी ओली होऊ शकते, हेही सांगा. वर्ग हसला असेल तर बहुधा त्यालाच.

आणि गोष्टीचा हिरो करा फीट आलेल्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्याला. हाताला काम मिळालं की भीती निम्मी होते. तो बाईंना हाक मारतो, दप्तरं बाजूला ओढतो, डोक्याखाली घडी केलेला स्वेटर सरकवतो. बाई मित्राला कुशीवर वळवतात, हा घड्याळ बघतो. हातपाय कुणी दाबून धरत नाही. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. नाकाला कांदा नाही की चप्पल नाही. पाच मिनिटं होऊन गेली तर १०८ला फोन.

लेक क्रिकेटवेडा असेल तर १९९२च्या वर्ल्ड कपमधली जॉन्टी ऱ्होड्सची झेप दाखवा, इंझमामला धावबाद करणारी. ऱ्होड्सलाही अपस्मार, म्हणजे हाच फीट येण्याचा आजार आहे. पण झेप आधी, आजाराचं नंतर. क्रम चुकवू नका.

तो खेळ मात्र बंद करू नका, अर्धाच राहिलाय तो. पुन्हा पोरं खेळताना दिसली की खाली जा, पायरीवर बसा आणि विचारा, “घड्याळ कोण बघतंय रे?”