नर टर्की दिवसभर फुगून का फिरतो? रानातले टर्कीही असेच वागतात का?

तुम्ही लिहिलंय की जोडीतला नर सकाळपासून फुगून फिरतो आणि मोटारसायकलच्या टाकीला चोची मारतो. तो आजारी आहे का, चिडका आहे का, आणि रानातलेही असेच असतात का? या लक्षणांत आजाराचं काही नाही, आणि रानातले अगदी असेच वागतात. खानापूर तालुक्यात आमच्या परड्यात नऊ वर्षं टर्की आहेत. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मार्च ते जुलै अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला होते, तेव्हा तिच्या दारातून रानटी टर्की रोज जायचे. तिथून ते 1851 पर्यंत नाहीसे झाले होते. 1972-73 मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणून सोडलेल्या 37 पक्ष्यांपासून ते पुन्हा वाढले.

सगळ्यांची नजर पिसाऱ्यावर जाते, तुम्ही डोकं बघा. नर शांत असला की चोचीवरची मांसल सोंड चिंचेच्या बुटुकासारखी आखूड असते. रंगात आला की तीच सोंड चोचीवरून खाली बोटभर लोंबते आणि डोक्या-मानेची कातडी लाल, निळी, पांढरी होत जाते. कातडीतलं रक्त कमी-जास्त होतं म्हणून हे रंग. घाबरला की सोंड परत आखडते. 1612 साली मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून, म्हणजे आमच्या घाटाखालूनच, जहांगीर बादशहाकडे टर्की नेला. बादशहाने त्याचं डोकं सरड्यासारखं रंग बदलतं असं लिहून ठेवलं आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने नेमकं बघितलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

टाकीत त्याला दुसरा नर दिसतो, म्हणून तो चोची मारतो. लेकीच्या गल्लीतले नर चकचकीत मोटारींच्या दारांवर असेच तुटून पडायचे. टाकीवर पोतं टाका, थांबेल.

आवाजाचंही तसंच. लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीची शिटी झाली की आमचे सगळे नर माना लांब करून एकाच दमात ओरडतात. ढग गडगडले, डबा पडला, तरी तेच. तिकडचे शिकारी याचाच फायदा घेतात. पहाटे घुबडासारखा आवाज काढतात आणि नर कुठून उत्तर देतो ते ऐकतात.

तिकडे शेजारच्या हिरवळीवर तीन नर कायम एका ओळीत फुगून चालायचे, मादीजवळ मात्र एकच जायचा. कॅलिफोर्नियात ॲलन क्राकाउअर या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की असे साथीदार सहसा भाऊ असतात. ते स्वतः बाप होत नाहीत, पण भावाला मदत करतात. तुमच्याकडे एकच नर आहे, त्यामुळे हे दिसणार नाही.

खरा फरक संध्याकाळी कळतो. रानातले दिवस मावळला की झाडावर चढतात. मांसासाठी वाढवलेल्या भारी पांढऱ्या जातीला वजनामुळे उडताच येत नाही. आमची काळी मादी हलकी आहे. ती फणसाखाली उभी राहते, मान खाली-वर करून फांदीचा अंदाज घेते, पंख अर्धे उघडते, मिटते. तीन-चारदा असं केल्यावर एकदम वर. खुराड्याचं दार उघडंच असतं, तरी ती तिथे जात नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. त्यांना कोंबड्यांच्या जागेत ठेवू नका. कोंबडीच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांतून एक सूक्ष्म परजीवी टर्कीला लागतो. कोंबडी धडधाकट दिसते आणि टर्की मरतात. पहिल्या वर्षी पिवळ्याजर्द हगवणीने माझी सात पिल्लं गेली.

निरीक्षणाला रोज एकाच जागी, त्याच वेळी, अर्धा तास न हलता बसा. सोबत वही ठेवा. पहिले तीन-चार दिवस ते तुमच्याकडेच बघतील, मग विसरतील. मादी खुडूक झाली तर दिवस मोजा. कोंबडीला 21 लागतात, हिला 28. शेवटच्या दोन दिवसांत रात्री डालग्याला कान लावा. ती अंड्यांशी हळू आवाजात बोलते, आणि आतून बारीक चिवचिवाट येतो.