आधी पाय हलव, मग क्रॉप

अगं पोरी,

कोकणकड्याचा तुझा एकच फोटो चार मापांत कापून आला. सोळा-नऊ, चौकोन, चार-पाच आणि एक लांबलचक पट्टी. खाली प्रश्न, "यातला बरोबर कुठला?" चारही परत परत पाहिले. एकही नाही. तू उभी होतीस ती जागाच चुकली.

हरिश्चंद्रगडाचा तो कडा अर्धवर्तुळासारखा आत गेलेला आहे. ते वळण दिसलं तरच तो कोकणकडा, नाहीतर सह्याद्रीतला कुठलाही कातळ. तू मधोमध उभी राहून १६ मिलिमीटरच्या वाइड लेन्सने समोरची दरी घेतलीस. कड्याच्या दोन्ही बाजू कोपऱ्यांत ढकलल्या गेल्या, मधे धुरकट कोकण, वर रिकामं आभाळ. आता आभाळ कापलंस तर पट्टी उरते, बाजू कापल्यास तर कडाच जातो. एका टोकाकडे सरकली असतीस (काठापासून लांब राहून, हे तुला सांगायला नको) तर कातळाची कड पायाशी सुरू होऊन वळत वळत समोर गेली असती.

जवळच्या आणि लांबच्या गोष्टींचं नातं तू कुठे उभी आहेस त्यावर ठरतं. क्रॉपने ते तसूभरही हलत नाही. वाइड फोटोचा मधला तुकडा काप आणि त्याच जागेवरून टेलीने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, तेवढाच भाग घे. डोंगरांची मांडणी दोन्हींत सारखीच येईल. फरक पडेल तो तपशिलात. २४ मेगापिक्सेलची फाइल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. रुंदी आणि उंची निम्मी केलीस की हातात ६ मेगापिक्सेल, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम १० इंच रुंद प्रिंट. मोबाइलवर कळत नाही, भिंतीवर लगेच कळतं. म्हणून म्हणतो, आधी पाय हलव.

क्रॉपशी माझं वैर नाही. अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा १९६० चा 'मून अँड हाफ डोम' हा फोटो आठव. हॅसलब्लाड कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौकोनी, प्रिंट मात्र उभी. पण शटर दाबायच्या आधी प्रिंट डोळ्यांपुढे दिसली पाहिजे, हे तो माणूस जन्मभर सांगत राहिला. तू घरी येऊन स्क्रीनवर विषय शोधतेस. राग येतो तो याचा. कोपऱ्यातून घुसलेली करवंदीची फांदी खुशाल काप. क्षितिज सरळ करताना कोपरे जाणारच, तेवढी जागा सोडूनच घे. आभाळ कमी केलंस की डोंगराचं वजन वाढतं, तेही कर. खालच्या भागाला हात लावताना मात्र दहादा विचार कर. नजर तिथूनच आत शिरते.

कास पठारावरच्या फुलांचा माझा एक फोटो एका कॅलेंडरवाल्यांनी घेतला होता. वाटेवर पोटावर पडून, लेन्स तेरड्याच्या उंचीला आणून काढलेला. पुढचं प्रत्येक फूल सुटं दिसत होतं, पाकळीवरचं पाणीसुद्धा, आणि त्या फुलांवरूनच नजर मागच्या ढगांपर्यंत जात होती. तारखांना जागा हवी म्हणून त्यांनी खालचा तेरडा कापला, मला न विचारता. उरला एक गुलाबी पट्टा. मी पैसे परत केले. तिथलं काम कायमचं गेलं, मित्रांनी हेकट ठरवलं. आजही तेच करेन. तो फोटो म्हणजे ती पुढची फुलंच होती, आणि त्यासाठीच मी चिखलात पडलो होतो. काम गेल्याचं दुःख नाही; ज्या घरांत ते कॅलेंडर वर्षभर लटकलं तिथे कास तसंच सपाट दिसलं, ही खंत मात्र जात नाही.

पाऊस सरला की परत जा, सोबत कोणीतरी घेऊन. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारीच पोच म्हणजे मावळतीपर्यंत वेळ मिळेल. पहिला तासभर कॅमेरा बॅगेतच राहू दे, नुसती चाल. मग एकच फाइल पाठव, न कापलेली. कापायचं काय ते आपण दोघं बसून पाहू.