रविवार सगळ्या घराचा असतो : ट्रायथलॉनचा सराव आणि संसार

पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकाच स्पर्धेत ओळीने करण्याची आवड ठाणे आणि नवी मुंबईतल्या नोकरदार घरांमध्ये चांगलीच रुजली आहे, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्येही ती दिसते. या वेळी तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातली अडचण अनेक घरांमध्ये असते आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. आम्ही घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ राहतो. घरी आई, पत्नी, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा आहे. नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात असून जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात. गेल्या वर्षी ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन पूर्ण केली आणि आता गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅनसाठी नाव नोंदवले आहे. पहाटे साडेचारला उठतो, रविवारी लांब पल्ल्याची सायकल असते. पत्नीचा विरोध नाही, ती काही बोलत नाही. पण घरातले वातावरण पूर्वीसारखे मोकळे राहिलेले नाही. सराव कमी न करता समतोल कसा साधावा?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ‘सराव कमी न करता’ ही अट तुम्ही सहज लिहून गेला आहात, पण माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. ऑलिंपिक अंतर म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. गोव्याच्या स्पर्धेत हेच आकडे १.९, ९० आणि २१.१ होतात. पोहण्यात फारसा फरक पडत नाही. सायकलचे अंतर मात्र दुपटीहून अधिक वाढते आणि तिन्हींपैकी सर्वांत जास्त वेळ तीच खाते. गेल्या वर्षी तुमचे आठवड्याला सहा-सात तासांत भागले असेल, तर या वर्षी नऊ-दहा तास लागतील. एवढे तास काढता येतात, याबद्दल मला शंका नाही. परंतु ते कोणाच्या वाट्याचे घेतले जात आहेत, हे घरात स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे.

रविवारचेच पाहा. तुमच्या सरावाच्या वहीत ‘सायकल, चार तास’ एवढीच नोंद होत असेल. घराच्या बाजूने तोच रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो. बाबांना लवकर झोपायचे असते म्हणून नऊ वाजता टीव्ही बंद होतो, बाहेर जेवायला जाण्याचा बेत रद्द होतो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाण्याच्या बाटल्या आणि खजुराच्या पुड्या मांडल्या जातात. पहाटे दार उघडल्याच्या आवाजाने तुमच्या आईंची झोप मोडते आणि त्यांना ती पुन्हा लागत नाही. साडेनऊला तुम्ही परत येता, सायकल पुसता, अंघोळ करता, भरपेट खाता आणि जेवणानंतर दोन तास गाढ झोपता. चार वाजता तुम्ही उठता तोवर आठवड्याची भाजी, मुलाचा प्रकल्प, मुलीला क्लासला सोडणे, आईंच्या औषधांची चिठ्ठी ही सगळी कामे एकाच माणसाच्या हातून उरकलेली असतात. वहीतले चार तास घराला असे सहज दहा-बारा तासांना पडतात. तुमच्या पत्नी ज्याबद्दल बोलत नाहीत ते बहुधा हेच असावे, आणि त्यांच्या गप्प राहण्याला संमती समजू नये.

त्यांना ‘तुला चालेल ना?’ असे विचारू नका. नाव नोंदवून आणि पैसे भरून झाल्यावर त्या प्रश्नाला एकच उत्तर उरते. त्याऐवजी पुढच्या महिन्याची दिनदर्शिका दोघांच्या मध्ये ठेवून आधी त्यांचे तास लिहा. आठवड्यातले सलग तीन-चार तास, शक्यतो रविवारचेच, असे असावेत की त्या वेळी घर पूर्णपणे तुमच्याकडे असेल आणि ‘पोळीचा डबा कुठे आहे?’ असे विचारायला त्यांना फोन जाणार नाही. त्या तासांत त्यांनी काय करावे, हे तुम्ही सुचवू नये. हे लिहून झाल्यावर जी जागा उरेल तिच्यात सराव बसवावा. लांब सायकल दर रविवारी असलीच पाहिजे असेही नाही. महिन्यातून दोनदा ती शनिवारी पहाटे ठेवली आणि एक रविवार पूर्ण मोकळा सोडला, तर तुमची तयारी बिघडणार नाही.

गणेशोत्सवाचा विचारही आताच करून ठेवावा. गोव्याची स्पर्धा बहुतेक वेळा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, म्हणजे सरावाचा सर्वांत जड काळ नेमका श्रावण-भाद्रपदात येतो. गौरी-गणपतीच्या दिवसांत घरात पाहुणे असताना किंवा गावी आरतीला सगळे जमलेले असताना ‘मला दोन तास धावायचे आहे’ असे सांगावे लागणे कोणालाच सुखाचे नसते. तसे पाहता सरावाच्या आखणीत तीन आठवडे भार वाढवून चौथा आठवडा हलका ठेवण्याची रीत आहेच. तो हलका आठवडा मागेपुढे सरकवून गणपतीच्या दिवसांवर आणावा. शरीराला विश्रांती हवीच असते, ती त्या दिवसांत मिळेल, आणि मोदक वळायला तुम्हीही बसाल.

आठवड्यातल्या दिवसांसाठी दोन सूचना आहेत. संध्याकाळी ठाणे स्थानकावर उतरल्यावर रिक्षाची रांग, मग माजिवडा आणि कापूरबावडीची वाहतूक यांत तुमचा जो वेळ जातो, जवळजवळ तेवढ्याच वेळात अनेकदा धावत घरी पोहोचता येते. आठवड्यातून एक-दोनदा कार्यालयात कपडे बदलून घ्यावेत, पाठीवर लहान पिशवी घ्यावी, मुख्य रस्त्यावरचा धूर टाळण्यासाठी पोखरण रस्त्याच्या बाजूने यावे, म्हणजे धावण्याचा सराव घरातून एक मिनिटही न घेता होतो. दुसरी सूचना ट्रेनरची, म्हणजे सायकलचे मागचे चाक ज्यावर बसवून घरातच पेडल मारता येते त्या साधनाची. पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे आणि अवजड वाहने पाहता मी कोणालाही अंधारात तिथे सायकल चालवायला सांगणार नाही. सिग्नल, उतार आणि थांबे नसल्यामुळे ट्रेनरवरचा एक तास रस्त्यावरच्या दीड तासाचे काम करतो, आणि त्यावरून उतरून लगेच सोसायटीच्या आवारात वीस मिनिटे धावले की सायकलवरून धावण्याकडे वळण्याचा सरावही होतो. खाली जाड रबरी चटई घालावी, कारण त्याची थरथर खालच्या मजल्यावर पोहोचते. मात्र बैठकीच्या खोलीत घामाघूम होऊन पेडल मारणारा माणूस घरी असतो, पण घराच्या उपयोगाचा नसतो. म्हणून तो तासही सरावातच धरावा, मुलांना दिलेल्या वेळात धरू नये.

झोपेच्या बाबतीत तडजोड करू नका. रात्री कार्यालयाचे काम लांबले आणि साडेअकरा वाजले, तर दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा गजर बंद करावा. पाच तासांच्या झोपेवर केलेल्या सरावातून फारसे काही हाती लागत नाही, आणि त्या दिवशीच्या चिडचिडीची किंमत संध्याकाळी गणित घेऊन तुमच्यासमोर बसलेला मुलगा चुकवतो.

आणि मुलीची दहावी. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे गोव्यानंतर तुमच्या हातात पुरेसा काळ आहे. गोव्याहून परतल्यावर उत्साहाच्या भरात जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी किंवा आणखी कशासाठी नाव नोंदवू नका. तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत कोणतीही स्पर्धा नाही, हे आजच तिला स्वतःहून सांगा.

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून नेरूळला राहते. मुलगा पाच वर्षांचा आहे. मला स्प्रिंट अंतराची ट्रायथलॉन करायची आहे. मिस्टरांनी ‘खुशाल कर’ म्हटले आहे, पण सासूबाई ‘एवढे कशासाठी?’ असे विचारतात. सकाळचा डबा, मुलाची शाळा आणि माझी नोकरी यांतून वेळ काढताना मला सतत अपराधी वाटते. मी हे करावे का?
— एक वाचिका, नवी मुंबई

उत्तर : ताई, अवश्य करावे. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. ज्यांना थोडेफार पोहता येते, त्यांना आठवड्याचे पाच तास तीन-चार महिने मिळाले तर हे अंतर आनंदाने पूर्ण करता येते.

तुमच्या पत्रातले ‘खुशाल कर’ मात्र मला पुरेसे वाटत नाही. पुरुष सरावाला लागला की घर त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे सरकते, आणि स्त्री सरावाला लागली की तिला घरचे सगळे उरकून मग जायला सांगितले जाते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमधून हे पुन्हा पुन्हा दिसते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. मिस्टरांकडून मदत मागण्याऐवजी काही कामे पूर्णपणे सोपवा. उदाहरणार्थ, मंगळवार आणि गुरुवारचा डबा त्यांचा. त्यात आदल्या दिवशी भाजी आणणे, ती निवडणे, कणीक मळणे आणि डबा भरून मुलाच्या दप्तरात ठेवणे हे सगळे आले. काय करायचे हे तुम्ही सांगायचे आणि त्यांनी फक्त परतायचे असे झाले, तर ते ओझे तुमच्या डोक्यावरच राहते. पहिल्या काही आठवड्यांत डब्यात बटाट्याचीच भाजी आली तरी येऊ द्यावी.

सासूबाईंच्या प्रश्नाला मी विरोध समजणार नाही. पहाटे एकट्या घराबाहेर पडणाऱ्या सुनेची काळजी त्यात असू शकते आणि ती रास्त आहे. पाम बीच रस्ता सपाट आणि रुंद असल्यामुळे सायकलसाठी मोहात पाडतो, पण त्याच कारणाने तिथे पहाटे मोटारी भरधाव जातात. उजाडल्यावरच, मागे लाल दिवा लावून आणि शक्यतो गटाबरोबर जावे. धावण्यासाठी ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’चा परिसर तुमच्या जवळ आहे, एखाद्या रविवारी सासूबाई आणि मुलाला तिथे बरोबर न्यावे. त्या दोघांच्या दोन फेऱ्या होईपर्यंत तुमचे धावणे होईल, आणि तुम्ही नेमके काय करता हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.

आणखी एक. थकवा नेहमीपेक्षा जास्त वाटत असेल, तर तो अपुऱ्या सरावाचा आहे असे गृहीत न धरता हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावे. पाळीच्या काळात जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता सहज आढळते, आणि ती भरून काढल्याशिवाय कोणत्याही वेळापत्रकाचा उपयोग होत नाही.

प्रश्न : वय ५२, राहणार कळवा. तरणतलावात एक किलोमीटर न थांबता पोहतो, पण समुद्रातल्या स्पर्धेचे नाव काढले की पत्नी आणि मुलगी घाबरतात. त्यांची समजूत कशी घालावी?
— एक वाचक, कळवा

उत्तर : त्यांची भीती निराधार नाही, त्यामुळे नुसत्या बोलण्याने ती दूर करू नये. ट्रायथलॉनमध्ये क्वचित जे मृत्यू होतात, त्यांपैकी बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात आणि त्यांत मध्यमवयीन पुरुषांचे प्रमाण मोठे असते. अनेकदा त्यामागे आधी लक्षात न आलेला हृदयविकार असतो. तेव्हा सर्वप्रथम डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, ईसीजी आणि त्यांनी सांगितल्यास ताण चाचणी करून घ्यावी. तपासणीला पत्नीला बरोबर न्यावे, म्हणजे त्यांच्या शंका त्या स्वतः डॉक्टरांना विचारू शकतील.

समुद्रात तळ दिसत नाही, कडेला भिंत नसते आणि शेजारच्या माणसाचा हात तोंडावर बसतो. तलावात एक किलोमीटर पोहणाऱ्याचाही पहिल्या दोन-तीन मिनिटांत श्वास अडखळतो. त्यासाठी प्रशिक्षक आणि सोबत होडी असेल अशाच ठिकाणी तीन-चारदा सराव करावा. ठाण्यातल्या तळ्यांमध्ये किंवा खाडीत स्वतःच्या जबाबदारीवर उतरण्याचा विचारही करू नये. पोहताना सहा-आठ हातांनी एकदा डोके वर काढून दिशा पाहण्याची सवय तरणतलावातच लावून घेता येते. उबदार पाण्यातल्या स्पर्धांमध्ये वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, वापरू दिला जात नाही, त्यामुळे त्यावर खर्च करण्यापूर्वी नियम पाहावेत. तो नसेल तर त्याची तरंगण्याची मदतही मिळणार नाही, हे लक्षात घेऊन तयारी करावी.

घरी सांगण्यासारखा एक नियमही आहे. दम लागला किंवा घाबरल्यासारखे झाले, तर पाठीवर वळून हात वर करावा आणि मदतनीसाच्या कयाकला, म्हणजे लहान होडीला, धरून थांबावे. त्याच्या आधाराने पुढे सरकले नाही, तर स्पर्धेतून बाद केले जात नाही. हे करण्यात तुम्हाला संकोच वाटणार नाही, असा शब्द मुलीला द्या, आणि पहिल्या खुल्या पाण्यातल्या सरावाला तिला किनाऱ्यावर घेऊन जा.