सायन्स फिक्शन गेम्समधली पौराणिक नावं आणि प्रतीकं खरंच काही सांगतात की नुसती सजावट असते?

तुम्ही विचारलंय की हॅलो, मास इफेक्ट, होरायझन खेळताना सारखं बायबल नाहीतर ग्रीक देव भेटतात, तर हे खोल असतं की नुसती नावं उचललेली, अर्थ लावायला सुरुवात कुठून करायची, आणि आपल्या पुराणांवर असा सायफाय गेम का निघत नाही. शेवटच्या भागाचं उत्तर माझ्याकडे पर्सनल आहे म्हणून तेच आधी लिहितो, बाकीचं येईल ओघात. स्पॉयलर भरपूर आहेत, नंतर बोंब नको.

2016 मध्ये मी अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत होतो. स्टुडिओ म्हणजे अकरा माणसं, एक एसी, आणि काम बहुतेक बाहेरच्या क्लायंटच्या मोबाइल गेमसाठी बटणं नि आयकॉन रंगवायचं. माझं पद गेम रायटर, म्हणजे "तुमची नाणी संपली आहेत" असल्या ओळी लिहायच्या. मग मालकांच्या डोक्यात आलं की स्वतःचा एक गेम काढू, अंतराळातला, पण भारतीय. लीड सरांनी एका दुपारीत नावं ठरवून टाकली. यानाचं नाव पुष्पक, व्हिलन तारक आणि यानातला एआय संजय. आता यावर स्टोरी लिही म्हणाले.

संजय ऐकून मी खरंच हरखलो. कारण बघा ना, संजयची गोची काय आहे? त्याला सगळं दिसतं आणि त्यातलं काहीही थांबवता येत नाही. आणि सांगतोय कोणाला, तर ज्याची पोरं मरतायत त्या आंधळ्या बापाला. आपल्याला टीव्हीमुळे वाटतं की तो लाइव्ह कॉमेंट्री करतो, पण भीष्मपर्वात तो रणांगणावरून येतो आणि पहिलीच बातमी देतो की भीष्म पडले, मग धृतराष्ट्र विचारतो कसे पडले, आणि तेव्हा कुठे मागचे दहा दिवस उलगडतात. आणि सौप्तिकपर्वात दुर्योधन मेला की संजयची दिव्यदृष्टी जाते. काम संपलं, डोळे गेले. एआयसाठी याच्यापेक्षा भारी कॅरेक्टर जगात कुठल्या पुराणात असेल तर दाखवा.

दोन आठवडे रात्री घरी बसून मी डिझाइन लिहिलं. प्लेयर म्हणजे ताफ्याचा कॅप्टन, त्याला बाहेरचं काही दिसत नाही, खिडकी नाही, रडार मेलेलं. ताफ्यात शंभर यानं. संजय सांगेल तेवढंच कळणार, तेही उशिरा, म्हणजे "सातवं यान पडलं" हे ऐकता तेव्हा ते पडून चार मिनिटं झालेली असतात, आता हुकूम देऊन काही उपयोग नाही हे तुम्हाला माहीत असतं तरी हात बटणाकडे जातोच, आणि संजय तुमचा तो हुकूम इमानदारीत मेलेल्या यानाला पाठवतो. शेवटचं यान पडलं की संजयचा आवाज वाक्याच्या मधेच तुटतो. स्क्रीन काळी, गेम मात्र चालूच.

मीटिंगमध्ये सरांच्या मागे भिंतीवर हिरोज जर्नीचा, म्हणजे नायकाच्या गोष्टीतल्या ठरीव टप्प्यांचा चार्ट होता, बारा खान्यांचा, रंगीत, लॅमिनेट केलेला. सरांनी माझे कागद उलटले पालटले.

"यात हिरो कुठंय रे?"

"सर, हिरो नाहीये. धृतराष्ट्र आहे."

"अरे पण स्टोअरवर स्क्रीनशॉट कसले टाकायचे? काळ्या स्क्रीनचे?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण प्रश्न बरोबर होता. मग सर उठले आणि चार्टवर पेनची मागची बाजू आपटत म्हणाले, "संजय मेंटॉर आहे. हा बघ, चौथ्या खान्यात बसतो. ट्युटोरियल त्याच्या तोंडी टाक." आणि तेच झालं. महाभारताचं अख्खं युद्ध बघून आलेला संजय आमच्या गेममध्ये "फायर करण्यासाठी उजवीकडचं बटण दाबा" एवढं बोलतो. रेकॉर्डिंग मीच केलं, मे महिन्यात, स्टोअररूममध्ये, घरघर येते म्हणून पंखा बंद करून, अकाउंट्समधल्या ताईंच्या आवाजात, आणि तिसऱ्या टेकला घाम पुसत ताई म्हणाल्या, "अरे पण संजय बाई कधी झाला?"

गेम निघालाच नाही. डिसेंबरात मी सोडलं. आता एका बँकेच्या ॲपसाठी "ओटीपी चुकीचा आहे" लिहितो. पगार बरा आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे नव्वद टक्के गेम्सना लागू आहे. मिथक नावात नसतं, लोरच्या म्हणजे गेमच्या जगाचा इतिहास सांगणाऱ्या पानांत नसतं, प्लेयरच्या हातून गेम काय करून घेतो त्यात असतं. हा आकडा मी हवेतून काढलाय, पण मत ठाम आहे.

सरांचं लाडकं उदाहरण मास इफेक्ट. त्याचा नायक शेपर्ड म्हणजे मेंढपाळ, बघ कसं ख्रिस्ताचं प्रतीक आहे वगैरे. (गेम बनवणाऱ्या बायोवेअरनं ते नाव अवकाशात जाणारा पहिला अमेरिकन ॲलन शेपर्डवरून घेतलंय, पण मेंढपाळ कानावर पडतोच, ते मान्य.) आता 2010 चा मास इफेक्ट 2 घ्या. सुरुवातीलाच शेपर्ड मरतो आणि दोन वर्षांनी त्याला जिवंत करतात, प्रोजेक्टचं नाव लाझरस. बायबलमधला मेलेला लाझरस चार दिवसांनी थडग्यातून चालत येतो. आणि गेममध्ये मरून उठल्यावर तुम्ही काय करता? चेहरा बदलायचा आणि क्लास, म्हणजे लढायची पद्धत, बदलायचा मेनू उघडता. संपलं. पुनरुत्थान म्हणजे सेटिंग्ज. नंतर कुणीकुणी म्हणतं "अरे तू तर मेला होतास", शेपर्ड म्हणतो हो, आणि पुढचं मिशन. याला मी प्रतीक म्हणत नाही, पाटी म्हणतो.

पण त्याच गेममधला लीजन मला अजून छळतो. गेथ हे यंत्रमानव, एकेका शरीरात पुष्कळ प्रोग्राम एकत्र राहतात, या लीजनच्या अंगात 1,183. नाव मार्कच्या शुभवर्तमानातून, तिथे भुतानं झपाटलेला माणूस म्हणतो माझं नाव लीजन, कारण आम्ही पुष्कळ आहोत. आता इथेही पाटीच म्हणता आली असती, पण लीजन दोन गेमभर स्वतःबद्दल "आम्ही" बोलतो, तुम्हाला त्याची इतकी सवय होते की ऐकू येणंच बंद होतं, आणि तिसऱ्या गेममध्ये रॅनॉक नावाच्या ग्रहावर आपल्या लोकांसाठी स्वतःला संपवायच्या आधी तो "मी" म्हणतो. बायबलमधल्या भुताचं बरोबर उलटं. पुष्कळांतून एक झाला आणि झाल्या झाल्या गेला. मराठीत तर हे अजून लागतं, आपल्याकडे "आम्ही" वरून "मी" वर येणं म्हणजे काय ते घराघरात माहितीये.

2012 मध्ये तिसऱ्या भागाच्या शेवटावरून केवढा राडा झाला आठवतंय ना, जूनमध्ये बायोवेअरला वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. लोक म्हणतात शेवट नीट समजावला नव्हता. माझं म्हणणं वेगळं आहे. तीन गेम तुम्हाला शिकवलं की तुमच्या एकेका निर्णयाचा हिशोब ठेवला जातोय, आणि शेवटी लाल, निळा, हिरवा यातला एक निवडून बलिदान द्या म्हणाले. बलिदानाचं चित्र होतं, पण त्या हातांना बलिदानाची सवयच लावली नव्हती. इथेच घोडं पेंड खातं.

हॅलोबद्दल थोडक्यात. फ्लड (पूर) आहे, आर्क (तारू) आहे, कव्हनंट (देवाशी करार) आहे, म्हणजे बायबलमधल्या प्रलयातून वाचलेल्या नोहाची सगळी सामग्री. त्यातल्या एआयचं कोर्टाना हे नाव कर्टाना या टोक नसलेल्या तलवारीवरून, दयेची तलवार म्हणतात तिला, इंग्लंडच्या राज्याभिषेकात असते ती. हॅलो बनवणाऱ्या बंजीला तलवारींचं वेड आधीपासूनच, 1994 च्या मॅरेथॉनमधला एआय ड्युरँडल हीसुद्धा रोलाँच्या दंतकथेतली तलवार. छान माहिती आहे, क्विझला उपयोगी. खेळताना मात्र मी एकदाही नोहा झालो नाही, गोळ्याच मारल्या.

होरायझन झीरो डॉनला मात्र पूर्ण मार्क. गाया नावाचा मुख्य एआय आणि तिच्याखाली नऊ उपप्रणाली, हेफॅस्टस, हेडीझ, अपोलो, आर्टेमिस वगैरे. सर असते तर इथेही म्हणाले असते बघ ग्रीक देव. पण इथे ती नावं गोष्टीतल्या शास्त्रज्ञांनी स्वतःच ठेवलीत, जसं आपण इस्रोच्या यानाला चंद्रयान म्हणतो तसं. आणि अपोलो म्हणजे सगळ्या मानवी ज्ञानाचा साठा, तो टेड फारो नावाचा माणूस पुसून टाकतो, म्हणून हजारेक वर्षांनंतरच्या माणसांना काहीच आठवत नाही, आणि ती डोंगरातल्या धातूच्या दाराला देवी मानून पूजा करतात. नायिका एलॉय त्या दारासमोर उभी राहते, दार तिला तपासतं, डेटा खराब म्हणून आत घेत नाही, मागे बायका हात जोडून उभ्या की देवी बोलली. देवीचा कौल म्हणजे एरर मेसेज. मी हसलो आणि लगेच ओशाळलो, कारण माझा धंदाच तो, एरर मेसेज लिहिणं.

आउटर वाइल्ड्स (2019) खेळला नसेल तर हे इथेच सोडा आणि आधी तो खेळा. बावीस मिनिटांत सूर्य फुटतो, तुम्ही मरता, परत सकाळ. बंदूक नाही, लेव्हल वाढत नाही, तुमच्याजवळ साठतं ते फक्त माहीत झालेलं. सगळे प्लेयर आधी सूर्य वाचवायचा मार्ग शोधतात, मीही बरेच तास घातले. तो नसतोच. विश्व म्हातारं झालंय, संपणार. शेवटी तुम्ही शेकोटीपाशी भेटलेल्या सगळ्यांना गोळा करता, एकेक जण आपलं वाद्य वाजवायला लागतो, आणि नंतर दुसरंच विश्व सुरू होतं ज्यात तुम्ही नाही. प्रलयाची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला हे कळायला चार्ट लागत नाही. प्रलय म्हणजे हरणं, असं आपल्याकडे कुणी म्हणलंय का?

आणि तो चार्ट. हिरोज जर्नी ही कल्पना ज्याची, त्या कॅम्पबेलचा तो नव्हताच! कॅम्पबेलच्या 1949 च्या पुस्तकात टप्पे सतरा आहेत, बारा टप्पे क्रिस्टोफर व्होगलर नावाच्या हॉलिवूडवाल्यानं पटकथेसाठी केले. हे मला मीटिंगनंतर दोन वर्षांनी कळलं, तेव्हा सांगायला कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आपल्या पुराणांवर सायफाय गेम निघत नाही असं मात्र नाही. जपान्यांनी 2012 मध्ये असुराज रॅथ काढला, हिंदू-बौद्ध देवमंडळ अंतराळात, त्यात ग्रहाहून मोठा झालेला एक देव बोट टेकवून असुराला चिरडायला बघतो आणि असुर त्या बोटाला बुक्क्या मारत सुटतो. तुम्ही करता काय, तर एकच बटण जीव तोडून दाबता. कथा म्हणून ढोबळ आहे, पण अंगठा दुखायला लागतो तेव्हा राग म्हणजे काय ते कळतं. पुण्यातल्या स्टुडिओचा 2020 चा राजी चांगला आहे, तो सायफाय नाही इतकंच.

आता प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. मूळ महाभारतात संजय नुसता बघत बसत नाही, शल्यपर्वात तो चक्क रणांगणावर असतो, सात्यकी त्याला पकडतो, मारणारच असतो, व्यास येऊन सोडवतात. म्हणजे "संजयला काही करता येत नाही" हा माझा अख्खा पाया तसा कच्चाच होता. सरांना माहीत नव्हतं म्हणून वाचलो. आणि काळ्या स्क्रीनचा गेम विकला गेला नसता हेही खरं, अकरा जणांचे पगार होते.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर निअर ऑटोमेटा (2017). त्यात ॲडम, ईव्ह, पास्कल अशा पाट्या आहेतच, त्या सोडा. शेवटच्या, पाचव्या शेवटात श्रेयनामावलीतली नावंच तुमच्यावर गोळ्या झाडतात, तुम्ही मरत राहता, एकट्यानं जवळजवळ अशक्यच, आणि मग जगातल्या अनोळखी प्लेयर्सची यानं तुमच्याभोवती येतात. यान फुटलं की कुणाचा तरी डेटा गेला असं दिसतं. पार झाल्यावर गेम विचारतो, तूही कुणाला अशी मदत करशील का, पण तुझा सगळा सेव्ह पुसला जाईल. दधीचीनं हाडं दिली, त्याचं वज्र झालं, इंद्राला मिळालं, ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण हाडं द्यायची म्हणजे पोटात कसं होतं ते 2018 मध्ये रात्री दोनला कळलं. गेम परत परत विचारतो, खात्री आहे ना. आणि एकदा असंही विचारतो की ज्याला मदत होईल तो तुला अजिबात न आवडणारा माणूसही असू शकतो, तरी करशील?

मला लगेच सर दिसले, हातात पेन, मागे चार्ट.

पाचेक मिनिटं तसाच बसलो असेन. मग होय दाबलं. मेनूतली शस्त्रं, नकाशे, मिशनं एकेक करून डोळ्यांदेखत पुसली गेली, चाळीस तासांचा सेव्ह. कुणाला उपयोगी पडला ते गेम सांगत नाही.